दाराशी राहिलेली विहीण

माझ्या धाकट्या भावाची, अर्नावाची बायको लाइने एस्टोनियाची. आमच्या बेटावर, सिदेमन गावातल्या घरात येऊन तिला नऊ वर्षं झाली. आल्या वर्षीच ती पाट्यावर मसाला वाटायला शिकली. हळद, कोळंजन, मिरची, सगळं हातानं. आमची आई, मेमे, तिच्या लाल झालेल्या बोटांकडे पाहून म्हणायची, "बर्फातली पोर आणि मिरचीशी दोस्ती! रड की जरा, मलाही बरं वाटेल."

"रडतेय, मेमे. पण कांद्यानं."

सकाळी स्वयंपाक झाला की कोणी घास घेण्याआधी केळीच्या पानाच्या तुकड्यांवर चिमूटभर भात आणि मीठ ठेवायचं. चुलीपाशी, विहिरीपाशी, घरच्या देवळात, दाराशी. हे काम मेमे कोणाला देत नसे. दुसऱ्या वर्षी तिनं ते लाइनेला दिलं.

भात ठेवून पाठ फिरली की कोंबड्या आणि मुंग्या तो संपवतात. दाराशी ठेवलेला मात्र तसाच राहायचा. हे मी एकदा नीट पाहिलं. मुंग्यांची रांग पानापर्यंत यायची, वळसा घ्यायची आणि पुढे जायची. मी पान हातभर सरकवलं. वळसाही हातभर सरकला. घरात मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं त्यात?

लग्नाला सात वर्षं झाल्यावर त्यांना मुलगी झाली. महिनाभर सगळं ठीक होतं. मग तिन्हीसांजेला ती दाराकडे मान वळवून रडू लागली. रडताना दूध घेईना. पुढे दिवसाही घेईना. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही सापडलं नाही. तिच्या मनगटातली काळी दोरी आठवड्यात इतकी सैल झाली, की मेमेनं तिला दुसरी गाठ मारली.

बाळाच्या रूपानं कोणता पूर्वज परत आला, हे विचारायची आमच्याकडे रीत आहे. मेमे, लाइने आणि मी शेजारच्या गावातल्या अंगात येणाऱ्या बाईकडे गेलो. तिचा आवाज बदलला नाही. थंडी वाजल्यासारखे तिनं फक्त पाय पोटाशी घेतले.

"बाळाचं नंतर बघू," ती म्हणाली. "तुमच्या दाराशी एक बाई उभी आहे. गुडघ्यापर्यंत ओली. आत येत नाही. म्हणते, मला कोणी विचारलंच नाही."

"काय विचारलं नाही?" मेमेनं विचारलं.

"पोरगी द्याल का, म्हणून."

लाइने भिंतीला टेकली. तिची आई हेल्वे लग्नाच्या दोन वर्षं आधी वारली होती, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. गोठलेल्या समुद्रावरून चालताना बर्फ फुटून ती गेली, हे लाइनेनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. अर्नावालाही ते माहीत नव्हतं.

माझी मान खाली गेली. लग्नातल्या विधींची यादी मी केली होती. आमच्यात सून आणण्याआधी तिच्या घरच्या देवळात जाऊन तिच्या पूर्वजांकडे तिला मागावं लागतं, मग ती त्यांचा निरोप घेते. लाइनेच्या घरी देऊळ नव्हतं. त्या ओळीपुढे मी 'लागू नाही' असं लिहिलं होतं.

"मोठा शहाणा," परतीच्या वाटेवर मेमे म्हणाली. "देऊळ नव्हतं, म्हणून तिला आई नव्हती होय रे?"

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दाराबाहेर चटई घातली. देनपसार शहरातून राय धान्याचं पीठ आणवून लाइनेनं तिच्या आईला आवडायचा तसा काळा पाव भाजला होता. शेजारी खारवलेला मासा. बाकीची ताटं मेमेनं रचली. पुजाऱ्यांनी पाणी शिंपडलं. मुलाकडचा थोरला म्हणून बोलायचं मला होतं.

"विहीणबाई," मी रिकाम्या रस्त्याकडे पाहत म्हणालो, "फार उशीर झाला. चूक माझी आहे. तुमची मुलगी आम्हाला द्या."

मग लाइने बोलली, बराच वेळ, तिच्या भाषेत. 'एमा' म्हणजे आई, इतकंच मला कळत होतं. अर्नावाच्या हातात बाळ कण्हत होतं.

मी पावाकडे पाहत राहिलो. एक मुंगी कडेशी आली. थांबली. मग पावावर चढली.

मेमे उठली आणि दारातून बाजूला झाली. "या," ती म्हणाली. "पाय पुसू नका. घर आपलंच आहे."

त्या दिवशी दुपारी बाळानं दूध घेतलं, घेत घेतच झोपलं. उठल्यावर पुन्हा मागितलं.

आता ती दोन वर्षांची आहे. दाराशी ठेवलेला भात कोंबड्या मिनिटात फस्त करतात. यादीतल्या त्या ओळीपुढचे दोन शब्द खोडून मी तारीख घातली आहे. तरी तिन्हीसांजेला बाहेरून येताना उंबऱ्याशी कधी कधी फरशी ओली लागते. विहीर तिथून लांब आहे. मी थोडा कडेला सरतो, मागून येणाऱ्याला वाट द्यावी तसा, आणि मगच आत जातो.