कप्तान गंज यांना बहीण नव्हती

वर्णन पुढीलप्रमाणे. स्त्री, वय त्रेसष्ट वर्षे पूर्ण. उंची चार फूट अकरा इंच. ओळखीची खूण : उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेन टेकून टेकून पडलेला घट्टा. पूर्वीचा हुद्दा : वरिष्ठ लिपिक, नोटीस कक्ष, पाणीपुरवठा खाते. सध्याचा व्यवसाय : परदेशी ॲनिमे मालिकेतील समुद्री चाच्यांसाठी संवादलेखन. वर्तणूक समाधानकारक. सदर व्यक्तीविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नाही. गेल्या तीन वर्षांत तिच्या शब्दावर एकोणीस जहाजं बुडाली आणि एक बेट निर्मनुष्य झालं.

स्टुडिओत तिला सगळे नोटीसबाई म्हणतात. एकतीस वर्षं तिनं नोटिसा लिहिल्या. तिच्या नोटिशीत शिवी नसे, आरडाओरडा नसे, उद्गारचिन्ह तर औषधालाही नसे. 'सात दिवसांत खुलासा न आल्यास आपले काहीही म्हणणे नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.' पुढची कार्यवाही म्हणजे नेमकं काय, हे ती कधीच लिहीत नसे. वाचणारा ते स्वतःच ठरवायचा, आणि माणूस स्वतःसाठी फार वाईट ठरवतो. अशीच एक नोटीस एका डबिंग स्टुडिओच्या मालकाला गेली. त्यानं खालच्या लाँड्रीच्या नळाला आपली नळी परस्पर जोडली होती. नोटीस वाचून त्यानं नळी काढली, दोन दिवस जेवण कमी केलं, आणि तिसऱ्या दिवशी खात्याच्या कचेरीत येऊन विचारलं, "हे लिहिलंय कोणी?"

टेबलामागून बाईंनी मान वर केली.

"निवृत्त कधी होताय?" मालकानं विचारलं.

त्याची अडचण खरी होती. त्याच्याकडे चाच्यांची मालिका आली होती आणि तिच्यातला खलनायक आपल्या भाषेत हास्यास्पद होत होता. कप्तान गंज. मूळ कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे याची ताकद अशी : हात लावील ते लोखंड तीन सेकंदांत गंजून भुगा होतं. तोफ, नांगर, बेडी, तुरुंगाचे गज, काहीही चालतं. पावलांच्या आवाजावरून समोरच्याच्या खिशात काय आहे ते सांगतो. पाण्याखाली चाळीस मिनिटं राहतो. उणीव एकच : साधा चमचा धरता येत नाही, म्हणून लाकडी चमच्यानं जेवतो आणि कोटालाही लाकडी बटणं लावतो. असल्या माणसाच्या तोंडी आधीच्या लेखकानं "हा हा हा! नीचा, तुला जिवंत सोडणार नाही!" असं लिहिलं होतं. मुलं पोट धरून हसत होती.

नोटीसबाईंनी पहिल्याच भागात त्याचं हसणं काढून टाकलं. जहाजावरचे तीनशे खलाशी गुडघे टेकून बसलेत, कप्तान डोलकाठीच्या लोखंडी पट्टीवर हात ठेवतो आणि अगदी सावकाश म्हणतो, "आपलं काही म्हणणं नाही, असं समजून पुढे जातो." खिळे झडतात. जहाज उभं फाटतं.

कप्तानाचा आवाज देणारा गृहस्थ दिवसा विमा कंपनीच्या फोनवर बसून तक्रारी ऐकतो. त्या दिवशी रेकॉर्डिंग झाल्यावर तो काचेमागून बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, माझ्याच अंगावर काटा आला. हे सुचतं कुठून?"

"सुचत नाही," बाई म्हणाल्या. "जावक रजिस्टरमध्ये आहे."

स्टुडिओ म्हणजे लाँड्रीच्या वरची दीड खोली. भिंतींना राखाडी फोम, दाराला जुनी गादी, आणि खाली कपडे पिळायचं यंत्र फिरलं की रेकॉर्डिंग बंद. रेकॉर्डिंगच्या मशीनवर मालक स्वतः बसतो. बाईंचं काम कागद, घड्याळ आणि पडदा यांच्यात. पडद्यावरचं तोंड उघडेल तिथं उघडं अक्षर हवं, ओठ मिटतील तिथं प, ब, भ, म हवा. बाईंना हे जड गेलं नाही. पाणी, बंद, मुदत, भरपाई, पूर्वसूचना : खात्याचा सगळा शब्दकोश ओठ मिटूनच चालतो.

पात्र पाठ फिरवून बोलू लागलं की मात्र मोकळं रान. ओठच दिसत नाहीत. वेळेत बसेल ते काहीही चालतं. याला स्टुडिओत 'पाठ' म्हणतात. एकेचाळिसाव्या भागात अठरा सेकंदांची पाठ आली. कप्तान जहाजाच्या टोकाला एकटा उभा, कोट फडफडतोय, आणि भाषांतराच्या कागदांतलं नेमकं सातवं पान गहाळ. मूळ भाषा खोलीतल्या कोणालाही येत नव्हती.

"घाला काहीतरी समुद्राचं," मालक म्हणाला. "वारा फिरलाय, वादळ येतंय. नेहमीचं."

बाईंनी कागद पुढे ओढला आणि नेहमीचं लिहिलं नाही.

कप्तान म्हणाला : "मी सहा वर्षांचा होतो. बहीण म्हणाली, इथं धक्क्यावर बस, मी आलेच. मी बसलो. संध्याकाळी काका घ्यायला आले. घरी तिनं सांगितलं, हा पळून गेला होता. मी पळालो नव्हतो. मला बसवलं होतं."

साडेसतरा सेकंद. अर्धा सेकंद श्वासाला.

आवाजवाल्यानं एका दमात दिलं. मालक म्हणाला, "झकास. आत्ता कळलं, हा असा का आहे ते." जिकडेतिकडे मुलं ते वाक्य म्हणू लागली. शाळेच्या वह्यांवर कप्तानाची पाठ निघाली.

हे सगळं बाईंनी एका माणसासाठी लिहिलं होतं.

बाईंचा धाकटा भाऊ शिवणयंत्रं दुरुस्त करतो. एकोणपन्नास वर्षांपूर्वी तो सहा वर्षांचा होता आणि ताई चौदाची. धक्क्यावर त्याला तिनंच बसवलं, पळाला असं तिनंच सांगितलं, आणि त्या रात्री वडिलांच्या हातचा मार त्यानं खाल्ला. त्यावर पुढे एक अक्षर निघालं नाही. बहीण-भावाचं वाकडं नव्हतं. येणं-जाणं होतं, दुखण्याखुपण्याला धावणं होतं. फक्त धाकटा कोणासाठी थांबत नसे. लग्नात पंगत बसायला उशीर झाला की हा उपाशी घरी. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बसवत नाही म्हणून दाढा गेल्या. आई शेवटचे तीन आठवडे अंथरुणावर होती तेव्हा रोज यायचा, दहा मिनिटं उभा राहायचा आणि निघायचा. आईनं पडल्यापडल्या हातानं खुर्ची पुढे केली तर म्हणायचा, "नको, बरंय." लोक म्हणायचे, स्वभाव आहे. ताई काही म्हणत नसे. तिचं काही म्हणणं नाही, असंच समजून सगळं पुढे गेलं होतं.

तोंडानं सांगायची तिची छाती होत नव्हती. पण धाकट्यानंच एकदा सांगितलं होतं, "तुझा तो गंजका कप्तान रोज असतो गं दुकानात. टीव्ही लावलाय गिऱ्हाइकांसाठी. बातम्या लावल्या की भांडतात मेले." तेव्हा बाईंनी ठरवलं की कप्तानाकरवी कळवावं. एकेचाळिसावा भाग लागला. बाई फोनपाशी बसल्या. फोन आला नाही. पुढच्या भेटीत धाकटा दोडक्याच्या भाजीला तेल जास्त झालंय एवढंच बोलला. आठ महिने गेले. ऐकूनही गप्प आहे, म्हणजे माफ केलं की केलं नाही, हे बाईंना उलगडेना. नोटीस मिळाली पण खुलासा नाही, अशी फाइल त्यांच्या नोकरीत कधी इतके दिवस उघडी राहिली नव्हती.

आणि एकशे अठराव्या भागासोबत मूळ कंपनीकडून कप्तानाचं अधिकृत पूर्वायुष्य आलं. मालकानं ते मोठ्यानं वाचलं. "कप्तान गंज. एकुलता एक. आईवडील प्रेमळ, घर समुद्राकाठी, बालपण सुखाचं. नवव्या वर्षी शेजारच्या मुलाची होडी आवडली म्हणून मुलाला बुडवून होडी घेतली. निर्दयतेचं कारण : नाही." त्यानं कागद उलटून पाहिला. "कारण नाही असं कोण लिहितं हो?"

"प्रामाणिक माणूस दिसतोय," आवाजवाला म्हणाला. "आमच्याकडे फोनवर सगळ्यांना कारण असतं."

खाली आणखी दोन ओळी होत्या. तपासणीत कप्तानाला बहीण आढळली आहे; ती काढावी. शुक्रवारपासून मालिका पुन्हा पहिल्यापासून लागते, त्याआधी एकेचाळिसावा भाग दुरुस्त करून पाठवावा. सोबत गहाळ झालेलं सातवं पानही जोडलं होतं.

"मंगळवारी उरकून टाकू," मालक म्हणाला. "बाई, वाईट वाटून घेऊ नका. तुमची बहीण त्यांच्या एकुलत्या एकापेक्षा बरी होती."

मंगळवारनंतर ते वाक्य कुठंच उरणार नव्हतं. म्हणजे जे काही विचारायचं ते त्याआधी. रविवारी बाई कागद घेऊन बसल्या. 'विषय : धक्का' असं लिहिलं. 'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की' इथं अडल्या. दुसऱ्या खर्ड्यात दिनांक घालायचा होता तो आठवेना. तिसरा खर्डा चांगला उतरला. वाचून त्यांचं त्यांनाच वाटलं की चूक धाकट्याची होती. तो फाडला आणि सोमवारी दुपारी चपला घातल्या.

दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल आणि उघडून ठेवलेली चार यंत्रं. तेलाचा वास. भिंतीवर टीव्ही, त्यात कप्तान गंज लाकडी चमच्यानं सूप पीत होता. आवाज नव्हता.

"ये ताई. काय गं, अशी अवेळी? बरी आहेस ना?" धाकटा उभ्यानंच यंत्राचं चाक हातानं फिरवून कान लावून ऐकत होता. "बॉबिन घासतंय कुठंतरी."

"टीव्हीचा आवाज गेलाय का?"

"गेला कशाला? बंदच असतो. यंत्र ऐकायचं की टीव्ही?"

"नेहमी?"

"लावला त्या दिवसापासून." त्यानं पडद्याकडे पाहिलं. "माणूस चांगला आहे गं तुझा. एकटा असतो बिचारा. कोणी जेवायला बोलवत नाही, बघ."

बाई स्टुलावर बसल्या. आठ महिन्यांचा पत्रव्यवहार चुकीच्या पत्त्यावर गेला होता.

"तो पाठमोरा उभा असतो तो भाग पाहिलास?"

"पाहिला की. कोट छान काढलाय."

"तो काय बोलतो ते…" बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "जाऊ दे त्याचं. तुला धक्क्यावर मी बसवलं होतं. तू पळाला नव्हतास. घरी मी खोटं सांगितलं."

धाकट्यानं चाक सोडलं. ते आपलंआपण थोडं फिरलं आणि थांबलं.

"ते मला माहीत आहे ताई," तो म्हणाला. "मी तिथंच होतो ना."

"हो."

"पाच तास. लघवीलासुद्धा उठलो नाही. उठलो आणि तू आलीस तर?" त्यानं फडक्याला बोटं पुसली, एकेक करून. "मला वाटायचं, आईनं सांगितलं असेल तुला. बसवून ये म्हणून."

"आईनं?"

"घरात तेव्हा खाणारी तोंडं जास्त झालीत असं चालायचं ना रोज. काका आले नसते तर झालं असतं काम, असं वाटायचं."

"आईला काहीच माहीत नव्हतं रे! ती तर तुला शोधत अनवाणी…" बाईंचा आवाज नोटिशीचा राहिला नव्हता. "आईनं काही सांगितलं नव्हतं. मी मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेले होते."

धाकट्यानं यंत्राच्या पोटात हात घातला. बॉबिन काढलं, उजेडात धरलं, परत ठेवलं.

"शेवटी शेवटी ती खुर्ची पुढे करायची," तो म्हणाला.

"हो."

"मी बसलो नाही."

बाईंनी टेबलावरचा सुटा स्क्रू उचलून त्याच्यापुढे ठेवला.

"सिनेमा निदान चांगला होता का?" त्यानं विचारलं.

"मध्येच बंद पडला. तासाभरात बाहेर आलो आम्ही."

"तासाभरात? मग उरलेले चार तास?"

कोणालाही पटेल असं एखादं कारण बाईंना सहज रचता आलं असतं. एकोणपन्नास वर्षांत पाच-सहा तयारही झाली होती.

"विसरले," त्या म्हणाल्या. "मैत्रिणीकडे पत्ते खेळत बसलो, आणि तुला बसवलंय हे मी विसरले."

धाकटा हसला की काय, ते बाईंना नीट कळलं नाही. त्यानं स्टुलाशेजारचा खोका ओढला आणि त्यावर बसला. वर पडद्यावर कप्तान एक बंदर भुईसपाट करत होता. दोघं बघत राहिली. शिवणयंत्र न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला त्यानं उद्या यायला सांगितलं.