लेकीचं बाळंतपण आणि दोन राउटर

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही. ते ठरलेलंच असतं. त्यामुळे सातव्या महिन्यात माझी लेक अकोल्याहून अमरावतीला माझ्याकडे आली, तेव्हा ती इथंच बाळंत होणार याबद्दल मला शंका नव्हती. तिच्या बॅगेत कपडे कमी आणि लॅपटॉप, चार्जर, हेडफोन असलं सामान जास्त. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. सुट्टी लागेपर्यंत ते काम इथून करणार होती.

आठवडाही झाला नसेल, मी मेथी निवडत बसले होते तेव्हा ती चिडूनच बाहेर आली. "माय, तुह्या घरी नेट टिकूनच नाही राहिलं. बोलता बोलता मी मीटिंगच्या बाहेर. असंच चाललं तर मले अकोल्याले वापस जा लागन."

"अन् बाळंतपण?"

"तिकडंच होईन मंग. आई म्हणूनच राहिल्या, काही बिघडत नाही म्हणून."

मी माय. आई म्हणजे तिची सासू, माझी विहीण. शाळेत शिकवून निवृत्त झालेली, नवरा वकील, घरात पुस्तकांचं कपाट. आम्ही भाजीपाला आणि फुलं पिकवणारे. मी चौथी झाले आणि शाळेतून मळ्यात गेले, लग्नानंतर या मळ्यातून त्या मळ्यात. ही विहीण मला पहिल्या दिवसापासून आवडत नाही. तिनं माझं वाईट केलं असतं तर सोपं होतं. माझ्यावर खेकसणारी लेक फोनवर तिच्याशी बोलताना "हो आई, जेवले आई" अशी लोण्यासारखी होते, आणि ते मी शेजारच्या खोलीतून ऐकते.

आमच्या घरी नेट मुलाचं. तो आणि सून वरच्या मजल्यावर राहतात, मी खाली. बहिणीसाठी त्यानं एक जुना राउटर आणून माझ्या खोलीत बसवला आणि वरच्या राउटरपासून खालच्यापर्यंत जिन्यातून वायर सोडली. मी त्या राउटरवर क्रोशाचा रुमाल टाकला. मिक्सरवर आहे, फ्रिजवर आहे, मग यानं काय पाप केलं.

मुलगा नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यातून घरी आला की राउटरसमोर बसायचा. एके दिवशी म्हणाला, "सापडलं. घरातल्या हरेक मोबाइलले राउटर एकेक नंबर देत असते. इथं दोघंही नंबर वाटून राहिले. त्याचा तो देते, ह्याचा हा देते. अन् दोघायचा स्वतःचा नंबरही एकच हाये." त्यानं खालच्याचं नंबर वाटणं बंद केलं, त्याचा स्वतःचा नंबर बदलला. सकाळभर बरं चाललं. दुपारी पुन्हा गेलं. मग तो म्हणाला की ते कारण नव्हतंच, आणि सगळं होतं तसं करून ठेवलं.

मग नेटवाला आला. त्यानं वायर पाहिली, खराब झाली म्हणाला, नवी टाकली. तरी नेट जायचं ते गेलंच. तेव्हा तो म्हणाला की वायरचा प्रश्नच नाही, वरचा राउटर बदला. मुलगा वैतागला. "जाऊ दे न तिले अकोल्याले. तिथं सगळं चांगलं हाये."

"तिथं आईंनी स्वतः बसवून घेतलं," लेक म्हणाली. "एक दिवस बंद नाही पडत."

त्या दिवशी मी जेवले नाही. कुणी विचारलंही नाही.

लेकीनं बॅग भरली आणि तिला न्यायला विहीण स्वतः एसटीनं आली. हातात डबा. लेकीला आवडतात म्हणून ओल्या नारळाच्या करंज्या. माझ्या घरी माझ्या लेकीसाठी ती डबा आणते, याला काय म्हणावं. जेवणं झाली, लेक कामाला बसली आणि थोड्याच वेळात तिची मीटिंग तुटली. विहीण चष्मा पुसत म्हणाली, "मी बघू का जरा?"

"पहा की," मी म्हटलं. "आमच्याच्यानं तर झालं नाही." मनात म्हटलं, हिच्याच्यानंही होऊ नये.

तिनं कशालाच हात लावला नाही. आधी मुलाला विचारलं, काय काय करून पाहिलं. त्यानं सांगितलं. मग म्हणाली, "जातं कधी?"

"कधीही जाते, काकू."

"कधीही नाही जात," मी म्हटलं. "दुपारी जाते. मी जिन्याचं दार लावलं का जाते." उन्हाच्या झळा आत येतात म्हणून दुपारी ते दार मी लावून घेते.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. "माय, हे तू आतापर्यंत काहून नाही सांगितलं?" लेक म्हणाली.

"मले इचारलं कोणी?"

विहीण जिन्याशी गेली. वायर चौकटीवरून आत आली होती आणि दार लावलं की फटीत चेपत होती. नवी वायरही तिथूनच टाकलेली, तिच्यावरही चेपल्याची खूण उमटलेली. तिनं मुलाकडून दुसरी वायर आणवली आणि खिडकीच्या वरच्या झरोक्यातून घ्यायला लावली. तरी संध्याकाळी नेट एकदा गेलं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

"म्हणजे वायर नव्हतीच," मुलगा म्हणाला.

"वायर होतीच," विहीण म्हणाली. "माणसाला ताप असतो आणि पायात काटाही असतो. काटा काढला तरी ताप राहतो, म्हणून कुणी काटा परत घालतं का? वायर आता तशीच राहू दे. खालच्याचं नंबर वाटणं बंद करून त्याचा नंबर बदलला होतास ना, ते पुन्हा कर. आणि काही झालं तरी मागं फिरायचं नाही."

त्यानं ते केलं. मग तिनं क्रोशाचा रुमाल उचलला, राउटरवर हात ठेवला आणि म्हणाली, "केवढं तापलंय हो हे. याला हवा लागू द्या." रुमालाची नीट घडी करून तिनं माझ्या हातात दिली. "वीण फार सुंदर आहे विहीणबाई. मला नाही जमत."

तिला जमत नाही अशी एक गोष्ट निघाली आणि तीही तिनंच मला सांगितली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भर दुपारी दार लावलं. लेकीच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येतच राहिला. मीटिंग संपवून ती बाहेर आली ती सरळ सासूच्या गळ्यात पडली. भरलेली बॅग कोपऱ्यात होती. मी ओट्याशी उभी राहून वाट पाहत होते, आता ही काय म्हणते. हिनं चल म्हटलं असतं तर पोरगी गेली असती.

"मग राहा आता इथंच," विहीण म्हणाली. "माहेरचं बाळंतपण माहेरीच बरं."

मला आनंद व्हायला हवा होता. माझी लेक माझ्याच घरी राहणार होती. पण ती जणू विहिणीची होती आणि तिनं मला ठेवायला दिली होती. मी म्हटलं, "चहा घ्या अजून." ती म्हणाली, "नको, बस चुकेल."

ती गेल्यावर लेक म्हणत राहिली, "आई नसत्या आल्या तर काय झालं असतं."

"आयकलं एकदा," मी म्हटलं.

बाळंतपण माझ्याकडेच झालं. मुलगी झाली. तेल लावणं, आंघोळ, धुरी सगळं मी करते, दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. पण आंघोळीच्या वेळी लेक लॅपटॉप उघडून समोरच्या स्टुलावर ठेवते आणि त्यात विहीण असते, अगदी समोर बसल्यासारखी. नेट तसूभर अडत नाही. "पाणी कढत नाही ना हो विहीणबाई? मान धरा." माझ्या हातून दोन लेकरं वाढली आणि ही मला मान धरायला सांगते.

पोरगी रडायला लागली की ती तिकडून पाढे म्हणते. बे एके बे, बे दुणे चार. पोरगी गप्प होते. एका सकाळी ती वकिलांसोबत कुठं बाहेर गेली होती. मी पोरीला पायांवर घेतलं आणि तेच पाढे म्हणून पाहिले. पाढे मलाही येतात, एकही चुकला नाही. पोरगी रडतच राहिली. शेवटी मीच लेकीला हाक मारली. "पाह्य वं तुही सासू घरी आली का. लाव त्या बाईले."