सरांचं कच्चं काम

आमची लेक पुण्यात संगणकातलं संशोधन करते. कसलं, ते मी दोन वर्षं पाहुण्यांना चुकीचं सांगत होतो. खरं असं, की अवघड आकडेमोड आपण दूरच्या एखाद्या मोठ्या यंत्राकडून करून घेतो. ते उत्तरासोबत छोटासा पुरावा पाठवतं. तेवढा पुरावा तपासला की सगळी आकडेमोड पुन्हा न करता कळतं, यंत्राने काम केलं की थाप मारली.

हे तिने तिसगावला माझ्या नववीच्या वर्गात समजावून सांगायचं ठरलं. "पप्पा, आठ आकडी दोन संख्यांचा गुणाकार तेवढा हाताने करून ठेवा."

मी गणिताचा मास्तर. "डाव्या हाताचा मळ," म्हणालो. मग चहा पिता पिता मोबाईलमधल्या त्या सर्वज्ञ एआय ॲपला विचारलं, आलेलं उत्तर सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि खाली ऐटीत लिहिलं, 'पडताळा केला.' लेकीने कागद न बघताच घडी घालून पर्समध्ये टाकला. माझं काम ती कधी तपासत नसे.

वर्गात तिने गुणाकार फळ्यावर मांडला. "हा तुमच्या सरांनी केलाय. पुन्हा न करता तपासू या. कोणतीही संख्या सांगा, सरांना आधी माहीत नसलेली."

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "तेरा."

दोन्ही संख्यांना तेराने भागलं, बाक्यांचा गुणाकार केला, त्याला पुन्हा तेराने भागलं. उरले चार. माझ्या उत्तराला भागल्यावरही चारच उरायला हवे होते. उरले नऊ.

लेक वळली. "उतरवताना चुकलं का, पप्पा?"

"हो हो, उतरवतानाच."

"मंग कच्चं काम दावा ना, सर," ती मुलगी म्हणाली. "आमचं नसलं की तुमी लई मार्क कापता."

वर्ग खिदळला. मीही हसलो, चेहऱ्याचं दुसरं काय करावं सुचेना. शेवटी खिडकीकडे बघत म्हणालो, "मोबाईलला विचारलं होतं." लेकीने डस्टरने फक्त माझं उत्तर पुसलं आणि पुढे शिकवू लागली.

संध्याकाळी घरी बसून तोच गुणाकार हाताने केला. हातचे दोनदा चुकले. शेवटी कच्च्या कामासकट कागद तिच्यापुढे ठेवला.

तिने घडी घातली नाही. "सतरा," असं स्वतःशीच म्हणाली आणि पेन काढून भागायला बसली. बाकी जुळली.

"बरोबर आहे, पप्पा."

हे तिने मला याआधी कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती.