कॉम्प्युटर कुठे काचतोय?

"अगं, दरीत घातलंस मला! पुन्हा!"

मोठ्या आत्याचा आवाज हेडफोनमधून फुटून पार शिलाई मशीनवरच्या रिळांपर्यंत पोचला. धाकटी आत्या खुर्चीत ताठ बसली होती. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या, आणि समोरच्या पडद्यावर चाकं वर करून पडलेली गाडी.

"मी डावीकडे म्हणाले होते," ती टाचण्यांमधून म्हणाली.

"म्हणालीस ना! मी दरीच्या तळाला पोचल्यावर म्हणालीस!"

हा खेळ दोघींनी मिळून खेळायचा आहे. एकीने गाडी चालवायची; तिला समोर धुळीशिवाय काही दिसत नाही. दुसरीच्या पडद्यावर रस्त्याचा नकाशा. तिने वळणं सांगायची. मोठी आत्या लग्न होऊन लांब गेली ती गेलीच. वर्षातून एकदा भेट झाली तरी खूप. पण तीन वर्षांपूर्वी हा खेळ सापडला आणि दर रविवारी सकाळी तासभर दोघी एका गाडीत बसायला लागल्या. लहानपणी एकाच सायकलवर हेच चालायचं म्हणे. मोठी पुढे पायडल मारणार, धाकटी मागे बसून ओरडणार, "कुत्रा! उजवीकडे! मास्तर! डावीकडे, पळ!"

फक्त गेले दोन महिने दहा-पंधरा मिनिटं झाली की धाकटीचा कॉम्प्युटर थिजायचा. चित्र अडकायचं, सुटायचं, पुन्हा अडकायचं. तोवर वळण मागे गेलेलं.

"हे बघ छोटे," मोठी म्हणाली, "पुढच्या रविवारी स्पर्धा आहे. सलग आठ फेऱ्या. तोवर ते दुरुस्त कर, नाहीतर मी सूनबाईला शेजारी बसवते."

आत्याने टाचण्या तोंडातून काढल्या. "सूनबाईला? तिला डावं-उजवं कळतं?"

"कळतं. आणि वेळेवर कळतं."

आत्याने हेडफोन काढून ठेवला आणि एका शर्टाची बाही उसवायला घेतली. ती बाही उसवायची नव्हती, हे तिला अर्धी उसवल्यावर कळलं.

माझी धाकटी आत्या टेलर आहे. पुढच्या खोलीत दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, भिंतीला अर्धवट कोटांची रांग. माणूस दारातून आत येईपर्यंत तिने नजरेनेच त्याची कंबर मोजलेली असते. "जरा सुटलात हो," असं ती तोंडावर सांगते आणि तरीही गिऱ्हाईक परत येतं. कारण तिच्या हातचा कोट काखेत काचत नाही. तिचा एकच नियम आहे: ट्रायल झाल्याशिवाय पक्की शिलाई नाही. कच्चे टाके घालायचे, माणसाच्या अंगावर चढवायचं, त्याला हात वर करायला लावायचा, खाली बसवायचं, आणि विचारायचं, "कुठे काचतंय?"

कॉम्प्युटर टेबलाखाली असतो. बंद पडलेल्या एका ऑफिसातून स्वस्तात आणलेला, वर एक जुनं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं. आता हातातल्या पैशांत त्याच्यासाठी एकच वस्तू नवी घेता येणार होती. कोणती, यावर घरात सोमवारपासून खल सुरू झाला.

"ग्राफिक्स कार्ड," आतोबा म्हणाले. ते मागच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करतात, आणि भिंग डोळ्याला लावूनच बाहेर येतात. "त्याला तीन पंखे असतात अगं. आणि दिवे. खोका तर असा सुंदर!"

"अहो, मला काय खोक्यात बसून खेळायचंय?"

"रॅम घे," मी म्हणाले. "माझीही तीच कमी होती. वाढवली तर फरक पडला."

"तुझा कोट तुझ्या मापाचा, माझा माझ्या."

तिसरं मत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलीचं. तिला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण ती कॅबिनेट उघडायच्या आधी त्याला कान लावते. डॉक्टरचं म्हणणं होतं, प्रोसेसर. पण तिचीही पंचाईत झाली होती. आत्याने दोनदा कॉम्प्युटर तिच्या दुकानात नेला, आणि दोन्ही वेळा तो तिथे तासभर गुणी बाळासारखा चालला.

"काकू, दवाखान्यात आल्यावर खोकला थांबतो ना, तसं झालंय याचं."

"मग तूच घरी ये. शनिवारी सकाळी. दुकानातलं कार्ड आण, रॅम आण. घालून बघू, चालवून बघू. कुठे काचतंय ते कळल्यावरच घेईन."

"काकू! कॉम्प्युटरची ट्रायल?"

"तुझ्या कोटाची चौथी ट्रायल कधी आहे?"

"...शनिवारी."

"मग झालं तर."

शनिवारी डॉक्टर आली. आत्याने टेबलाखालून कॉम्प्युटर ओढला आणि आधी त्याचं कव्हर काढलं. या कव्हराबद्दल सांगायलाच हवं. जांभळं जाड कापड, पिवळं पायपिंग, आतून उशीच्या फोमचं अस्तर. वायरींसाठी मागे काज केलेली, चालू करायच्या बटणावर छोटी झडप. इतकं मापात, की कुठे बोट शिरणार नाही. दोन महिन्यांपूर्वी तिने ते शिवलं तेव्हा मीच टाळ्या वाजवल्या होत्या. कापडाचे तंतू आत जाऊ नयेत म्हणून ते अंगावर कायम असायचं. बाहेर नेताना मात्र मळेल म्हणून घरी.

डॉक्टरने कॅबिनेट उघडलं, फुंकर मारली, कार्ड बसवलं. वीस मिनिटं खेळ लोण्यासारखा चालला.

"बघ!" आतोबा भिंगातून चमकले.

"झाडांची पानं जास्त दिसतायत," आत्या म्हणाली. "मी काय पानं मोजायला बसलेय? वळण तेवढंच आहे. काढ. रॅम घाल."

रॅम घातली. तेही सुरळीत. शिवाय नवा रस्ता झटकन उघडला. आत्या हातात शर्ट घेऊनच बसली होती. "आधी रस्ता उघडेपर्यंत माझं अख्खं बटण लावून व्हायचं. आता दोरा ओवतेय तोवर उघडला."

"बघ!" मी म्हणाले.

"थांब गं. आता दोन्ही काढ, जुनंच ठेव."

"जुनंच? काकू, ते कशाला?"

"जुना कोट घातल्याशिवाय नवा बरा कसा कळणार?"

डॉक्टरने जुनंच ठेवलं. वीस मिनिटं. पंचवीस. एकदाही अडकलं नाही. चौघंही पडद्याकडे बघत राहिलो. डॉक्टरने कॅबिनेटला कान लावला आणि हताश होऊन म्हणाली, "माझा पायगुण असेल."

"असू दे. चहा घे," आत्या म्हणाली आणि खेळ तसाच चालू ठेवून, झाकण लावून, प्रेमाने कव्हर चढवलं. वरून हात फिरवला. झडप नीट बसवली.

चहा अर्धा झाला आणि पडद्यावरची गाडी थिजली.

डॉक्टरचा कप हवेतच राहिला. ती खाली वाकली आणि कव्हरवर हात ठेवून लगेच मागे घेतला. "काकू... हे काढा."

"का?"

"काढा हो! गुदमरतोय तो! त्याला श्वास घ्यायला तुम्ही एवढीशी जागा ठेवली नाहीत!"

आत्याने कव्हर ओढलं. आतून इस्त्रीसारखी वाफ आली. डॉक्टरने पुढची जाळी काढली, तर तिच्यामागून कापडाच्या तंतूंची एक घडीच निघाली, लोकरीच्या नमद्यासारखी. आत्याने ती चिमटीत धरून उजेडात नेली.

"हा निळा... शाळेचे गणवेश. हा मरून, नाटकवाल्यांचे पडदे. आणि हा करडा..." ती डॉक्टरकडे वळली, "तुझाच कोट. कव्हर शिवायच्या आधी कापलेला."

"म्हणजे माझ्याच कोटाने..."

"तुझ्या कोटाने आणि माझ्या कव्हराने. अगं, आयुष्यभर सगळ्यांना विचारत आले, कुठे काचतंय. यालाच तेवढं विचारलं नाही!" आणि ती अशी हसत सुटली की आतोबांचं भिंग चहात पडलं.

डॉक्टरने जाळी धुतली, आतली धूळ काढली. मग आतोबांनी हळूच विचारलं, "म्हणजे आता काहीच घ्यायचं नाही?"

"रॅम घ्यायची," आत्या म्हणाली. "ट्रायलमध्ये तिचाच फरक दिसला. आठ फेऱ्या, आठ रस्ते. दर वेळी ताई तिथे थांबून राहणार का?"

रविवारी सकाळी कॉम्प्युटर टेबलावर, मोकळा, उघड्या अंगाने बसला होता. मी स्टुलावर, आतोबा दारात. पहिली फेरी. चौथी. सहावी. आत्याचा आवाज चढत होता, "डावीकडे! सरळ! दगड, उजवीकडे!" आणि पलीकडून मोठी आनंदाने किंचाळत होती. चित्र एकदाही थिजलं नाही.

"छोटे, काय बसवलंस गं?" सातव्या फेरीत मोठीने विचारलं.

"रॅम. पण खरं म्हणजे कव्हर काढलं. तूही काढ हो लगेच. तुला पाठवलेलंही तसंच आहे, हिरवं. तुझा कसा नाही अडकला इतके दिवस?"

पलीकडे फक्त इंजिनाचा आवाज.

"ताई?"

"...हं."

"तू ते घातलंच नाहीस."

"अगं, तसं नाही, इतकं छान शिवलंयस, म्हटलं मळायला नको, कपाटात..."

"दोन महिने! 'फार शोभतं' म्हणालीस! फोटो मागितला तर 'उजेड नाही' म्हणालीस!"

"छोटे, समोर नुसती धूळ दिसतेय. वळण कुठे आहे? छोटे!"

आत्याने एक श्वास घेतला. दोन घेतले. मी स्टूल घट्ट धरलं.

"डावीकडे वळ, खोटारडे!"

आणि गाडी दरीच्या कडेवरून, एक चाक हवेत ठेवून, डावीकडे वळली.