वामनची उरलेली झाडं

वामन गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुमसरच्या बाजारात होतो. भाजीची थैली दुकानातच विसरून मोहाडी गाठली... आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे व्हायच्या आधीपासूनची आमची मैत्री, पण खरं सांगतो, वाटेत मला तो आठवत नव्हता, तो रंगवत होता ते चित्र आठवत होतं. आठच दिवसांपूर्वी मी त्याची टर उडवली होती. डावीकडे मोहाची झाडं अशी, की सालीवरून हात फिरवावा. उजवीकडे जाता जाता पानं नाहीशी, खोडं पातळ, आणि शेवटी करड्या रंगावर नुसत्या चार रेघा. "काहून रे, पानं काढाचा कंटाळा आला काय?" मी म्हटलं. त्यानं डावीकडच्या झाडांवर बोट ठेवलं. "अजून हे रायलं." मी आणखीच हसलो.

वामन विणकराच्या घरातला. विणणारा गेला, तर मागावरचं लुगडं दुसऱ्यानं पुरं करायचं, अर्धं कापून काढायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. तेरवीनंतर त्याची बायको सिंधूवहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी ड्रॉइंगचे मास्तर. तेवढं चित्र पुरं करून द्या. नाही तं त्यायचा जीव तिथंच अडकून राहीन."

मी बसलो. उजवीकडच्या एका रेघेला पान काढलं. ते खोटं वाटलं, म्हणून टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसलं, तर खालचा करडा रंगही निघाला आणि त्याखाली पानं दिसली... वामनची, शिरांसकट. आणखी पुसून पाहायचा धीर झाला नाही. म्हणजे त्यानं सगळी झाडं आधी रंगवली होती आणि उजवीकडून एकेक झाकत तो डावीकडे येत होता. मी ज्याला अर्धवट म्हणून हसलो, तेच त्याच्या लेखी झालेलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या डावीकडच्या झाडांची भीतीही.

वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी बोटानं डावीकडची झाडं मोजली. "मंग इकडची तीनच उरली म्हणा," त्या म्हणाल्या. "झाका तुमी. थांबले काहून?"

दर रविवारी मी मोहाडीला जातो. करडा रंग कालवतो, त्या तीन झाडांसमोर बसतो आणि रंगात न बुडवताच ब्रश धुऊन ठेवतो. वहिनी चहा आणतात. चित्राकडे पाठ करूनच विचारतात, "किती रायलं, भाऊजी?"

"थोडंच," मी सांगतो.