लाथ मारून पारखलेली गाडी

रोज सकाळी अंगणातल्या जीपच्या पुढच्या डाव्या चाकाला मोठे काका एक लाथ मारत. मग चाक काही उत्तर देणार असल्यासारखे मान तिरपी करून ऐकत आणि म्हणत, "ठणठणीत!" गाडीबद्दलची त्यांची विद्या एवढीच. चारही चाकांना ओढ देणारी ती दणकट गाडी डोंगर चढायला घेतलेली. प्रत्यक्षात ती भाजी आणायला जाई. फोर-व्हीलच्या दांडीवर धूळ साचली होती. तरी लोकांनी आपल्याला 'कॅप्टन' म्हणावं अशी त्यांची इच्छा, आणि लोकही इतके चेष्टेखोर, की म्हणत.

पुढे ते चाक खड्ड्याखड्ड्याला खडखडू लागलं. मेकॅनिकने जॅक लावला, टायरखाली पहार घालून उचलली, तर चाक पडायला आलेल्या दातासारखं हललं.

"कॅप्टन, बॉल जॉइंट गेलाय. चाकाला धरून ठेवणारा सांधाच हा. निसटला तर चाक आडवं होईल."

"रोज लाथ मारून बघतो मी."

"गाडीचं ओझं चाकावर असताना लाथ मारून काय कळणार? पाय सुजेल फक्त."

बाळंतपणासाठी येणाऱ्या लेकीला स्टेशनवरून याच गाडीतून आणायचं, असं काकांनी जाहीर करून टाकलं होतं. काकू म्हणाली, "आधी सांधा बदला. नाहीतर पोरीला मी टॅक्सीने आणीन."

मेकॅनिककडे परत जायचं म्हणजे नाक कापलं जाणार. काकांनी स्वतःच नवा जॉइंट आणला. जुना हातोड्याने बदडून काढला, नवा बसवला, नट आवळला. नट सुटू नये म्हणून त्यातून आडवी पिन घालायची असते. भोकं जुळेनात. नट आणखी जरासा आवळला असता तर जुळली असती. पण शेजारी बघायला जमले होते, आणि प्रेक्षकांपुढे काका कधी अडत नसत. त्यांनी पिन हळूच पायाने बाजूला सारली.

अंगण झाडताना ती काकूला सापडली.

"ही कुठली?"

"जास्तीची येते एक."

"जास्तीचं या घरात एकच आहे. त्याला मी दोन्ही वेळ जेवू घालते," काकू म्हणाली आणि तिने टॅक्सी सांगितली.

ती निघाल्यावर काका हट्टाने जीप घेऊन मागोमाग गेले. बाजारातल्या गतिरोधकावर सांधा निसटला. चाक बाहेरच्या अंगाला कलंडलं आणि जीप एका गुडघ्यावर बसली. लेकीला घेऊन परतणारी टॅक्सी तिथे थांबली, तेव्हा काका बॉनेटवर हात ठेवून उभे होते, मारलेल्या वाघाशेजारी फोटोला उभं राहावं तसे.

लेक पोटावर हात ठेवून त्या चाकाकडे बघत राहिली.

"बाबा, यात बसणार होते मी?"

काकांनी टॅक्सीला एक फेरी मारली, वाकून पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मागच्या टायरात हवा कमी आहे तुझ्या. भरून घे."