साहेबांच्या मागे दादा

मामांच्या तोंडात कायम खिळे असायचे, म्हणून ते खिळेमामा. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं. शहराच्या इतिहासाचं जे सरकारी संग्रहालय आहे, तिथे ते तसबिरी लावायचे आणि उतरवायचे, आणि मी दारातल्या खिडकीत बसून तिकिटं फाडायचे. इतिहासाच्या फार जवळ राहू नये, असं माझं आता मत झालंय. धूळ फार असते आणि पाठ धरते.

पहिल्या दोन दालनांत मडकी, नाणी आणि गंजक्या तोफा. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. भानगड सगळी तिसऱ्या दालनाची. तिथे कालपरवाचा इतिहास होता आणि तो करणाऱ्यांतले निम्मे अजून निवडणुका लढवत होते. सरकार बदललं की वरून कुणीतरी यायचा, भिंतीकडे बोट करायचा आणि मामा शिडी आणायचे. काल ज्याच्या खाली ‘देशद्रोही’ अशी पाटी होती, तो आज द्रष्टा व्हायचा. राजा बोले, दळ हाले म्हणतात. आमच्याकडे राजा बोलला की भिंत हलायची.

नव्या फ्रेमना पैसे कधीच मंजूर होत नसत, म्हणून मामांनी आपली एक रीत पाडली होती. जुनी तसबीर फ्रेममधून काढायचीच नाही. तिच्यापुढे नवी सरकवायची आणि मागून फळी ठोकायची. सरकार पुन्हा उलटलं की नुसता क्रम बदलायचा. त्यामुळे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पुढारी आमच्याकडे एकाच काचेमागे एकमेकांना चिकटून उभे असत. ‘बाहेर भांडतात, इथे नांदतात,’ असं मामा एकदा म्हणाले होते. तेवढ्यासाठी त्यांनी तोंडातले खिळे काढले होते.

त्याच भिंतीवर एके काळी मामांचा सख्खा भाऊ होता. त्याला घरात सगळे दादा म्हणत. दादा गोदीत कामाला होता. संपाच्या दिवसांत गोदीच्या फाटकावर गोळीबार झाला, त्यात तो गेला. गोळीबाराचा हुकूम देणारे तेव्हाचे सत्ताधारी, त्यांना सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणत. पुढे साहेबांचा पक्ष पडला, नवे लोक आले आणि त्यांना हुतात्म्यांची गरज भासली. दोन अधिकारी मामांच्या घरी आले आणि त्यांनी माईंकडे, म्हणजे मामांच्या आईकडे, मुलाचा फोटो मागितला. गोदीच्या ओळखपत्रासाठी काढलेला एकुलता एक फोटो घरात होता. कॉपी काढून परत देतो म्हणाले. माईंनी दिला. मुलगा मोठ्या माणसांत बसणार म्हटल्यावर कुठली आई नाही म्हणेल? मामांना नोकरी लागली तीही त्याच कौतुकात. फोटो मात्र परत आला नाही, आणि कॉपीही नाही. मग माईच दर सुट्टीला येऊन तिसऱ्या दालनात बसू लागल्या. मी त्यांच्याकडे कधी तिकीट मागितलं नाही.

काही वर्षांनी वारं फिरलं आणि साहेबांचा पक्ष परत आला. साहेब तोवर वारले होते, त्यामुळे आणखीच थोर झाले होते. हुतात्मे आता दंगेखोर ठरले. मामांना कामावरून काढलं नाही, कारण त्या शिडीवर चढायला दुसरं कुणी तयार नव्हतं. पण हुकूम कडक होता. उतरवलेलं सगळं अंगणात जाळायचं, आणि फाटकावर पिशव्या तपासल्या जात होत्या. दादाचा फोटो उतरवायला मामांच्याच हाती आला. मग त्यांनी आपल्या रीतीप्रमाणेच केलं. दादाला साहेबांच्या मोठ्या तसबिरीमागे ठेवलं आणि फळी ठोकली. साहेबांच्या मागे कोण बघायला जाणार होतं?

झालं भलतंच. साहेबांची विटंबना होऊ नये म्हणून त्या फ्रेमला सील लागलं आणि शेजारी एक पहारेकरी बसला, डोळ्यांत तेल घालून. फोटो वाचला, पण कोंडला गेला.

मामांनी माईंना ते सांगितलं. त्या पहिल्यासारख्याच येत राहिल्या. ज्याने मुलाचा जीव घेतला त्याच्यासमोर बाकावर बसायच्या आणि निघताना काचेला हात लावायच्या. एवढी साहेबांची भक्त म्हणून पहारेकरी त्यांना आपली उशी द्यायचा. मला ते बघवत नसे. म्हातारीला कशाला सांगितलंत, म्हणून मी एकदा मामांवर चिडले. त्यांनी तोंडात आणखी दोन खिळे धरले. लोक मूग गिळून गप्प बसतात, यांच्याकडे निदान खिळे होते.

पुढच्या निवडणुकीत कुण्या फोटोग्राफरने माईंना टिपलं. काचेवर हात, डोळ्यांत पाणी, समोर साहेब. ते चित्र शहरभर भिंतींवर लागलं. खाली मोठ्या अक्षरांत, ‘आई विसरत नाही.’ कुणाची आई, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, याचाच मला जास्त संताप यायचा. पक्ष पुन्हा जिंकला. मग त्यांनी खूश होऊन ठरवलं, की माईंची लाडकी तसबीर फ्रेमसकट पक्षाच्या नव्या इमारतीत न्यायची आणि उद्घाटनाला माईंना पुढच्या रांगेत बसवायचं.

मामांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. दादा तिकडे गेला की संपलं, एवढंच मला म्हणाले.

सुटकेची वाट त्या हुकुमातच होती. नेण्याआधी काच आतून पुसून द्या, असा निरोप आला आणि सील निघालं. संग्रहालय बंद असतं त्या सोमवारी सकाळी दुरुस्तीच्या खोलीत मामांनी फ्रेम पालथी घातली. मदतीला मी होते, आणि माई कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. फळी निघाली. तिच्याखालचा फोटो मामांनी नखाने हळूच सोडवला आणि उलटा करून पाहिला. कागद कोरा होता. भिंतीची ओल पिऊन पिऊन फोटोवरचा थर सुटला होता आणि साहेबांच्या पाठीला चिकटून बसला होता.

मामा खाली जमिनीवरच बसले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

माई उठून जवळ आल्या. साहेबांच्या पाठीवर दादा होता. जरा फिकटलेला, एका कानाचा टवका उडालेला, पण होता. फक्त सगळं उलट उमटलं होतं. डाव्या बाजूचा भांग उजवीकडे गेला होता. तो उलटा झालाय, आई, हा आपला दादा नाही राहिला, असं मामा पुन्हापुन्हा म्हणत होते.

“असाच होता तो,” माई म्हणाल्या. “रोज सकाळी आरशापुढे उभा करून मीच त्याचा भांग पाडायची, मागे उभी राहून. मला तो आरशातच दिसायचा.”

साहेबांच्या फोटोंना काय तोटा? कोठीत ढीग पडला होता. त्यातला एक मामांनी फ्रेममध्ये बसवला, काच लख्ख पुसली, आणि पक्षाचे लोक ती वाजतगाजत घेऊन गेले. माई उद्घाटनाला गेल्या, पुढच्या रांगेत बसल्या आणि चहा पिऊन परत आल्या. मिरवणुकीच्या गडबडीत फाटकाबाहेर काढलेली जुनी तसबीर मामांनी घरी आतल्या खोलीत लावली. दादा खोलीकडे बघतो, साहेब भिंतीकडे. आता क्रम बदलायचा नाही, असं म्हणून त्यांनी चारी कोपऱ्यांत खिळे मारले.

यंदा सरकार पुन्हा बदललं. मामा निवृत्त झालेत, माई फार थकल्यात. मी त्यांच्याकडे बसले होते तेव्हा दोन तरुण अधिकारी आले. गोदीच्या हुतात्म्यांचं मोठं दालन होणार आहे, आणि दादाचा फोटो हवाय, म्हणाले. लगेच कॉपी काढून परत देऊ. मामांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. माई दाराला धरून उभ्या राहिल्या.

“फोटो मागेच दिलाय तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “कॉपी अजून यायचीय.”

आणि त्यांनी दार लावून घेतलं.